जूनमधला बर्फ आणि बोनोमची खिंड: तूर द्यु मों ब्लांवर एका दिवसाचा ट्रेक कसा करायचा

तूर द्यु मों ब्लां, म्हणजे सगळे ज्याला टीएमबी म्हणतात ती आल्प्समधल्या मों ब्लां या शिखराला फेरी मारणारी साधारण १७० किलोमीटरची वाट, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते आणि पूर्ण करायला लोक दहा-अकरा दिवस घेतात. तेवढी सुट्टी सगळ्यांकडे नसते, म्हणून बरेच जण त्यातला एखादा तुकडा एका दिवसात करून येतात आणि ते छान जमतंही. पण जूनमध्ये गेलात तर बर्फ आडवा येतो. खाली गावात लोक टी-शर्टवर आइस्क्रीम खात बसलेले असतात, कुरणं फुलांनी भरलेली असतात, आणि वर २,००० मीटरच्या आसपास वाट सरळ बर्फाखाली गायब होते.

मी या वाटेवर जूनमध्ये दोनदा गेले. पहिल्यांदा गुडघा सोलून अर्ध्यातून परत आले, दुसऱ्यांदा खिंडीपर्यंत जाऊन दुपारच्या जेवणाला खाली होते. वाट तीच, महिना तोच, बर्फही जवळपास तेवढाच, फक्त पहिल्या वेळी आम्ही नऊ वाजता निघालो होतो आणि दुसऱ्या वेळी साडेपाचला. या ट्रेकचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीत आहे, बर्फ किती आहे यापेक्षा तुम्ही त्यावर किती वाजता उभे आहात हे जास्त महत्त्वाचं. हे मला आधी कोणी नीट समजावलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितेय.

१. कुठला तुकडा, आणि तोच का

मी सांगतेय तो तुकडा फ्रान्सच्या बाजूचा आहे. ले कॉन्तामीन-मोंजुआ नावाचं गाव (साधारण १,१६० मीटर), तिथून दरीच्या टोकाला नोत्र-दाम द ला गॉर्ज हे जुनं बरोक शैलीतलं छोटं चर्च (१,२१० मीटर), आणि तिथून वर चढत कोल द्यु बोनोम ही २,३२९ मीटरवरची खिंड. कोल म्हणजे आपली खिंडच. गेलेल्याच वाटेने परत यायचं. चर्चपासून धरलं तर चढ ११०० मीटरच्या थोडा वर. कोरडी वाट असेल तर वर जायला साडेतीन-चार तास लागतात, बर्फ असेल तर तास-दीड तास जास्त धरा.

वाटेत प्रत्येक टप्प्यावर थांबून परत फिरता येतं म्हणून नवीन माणसाला हा तुकडा मी सुचवते. नां बोरां (साधारण १,४६० मीटर), ला बाल्म (१,७०६ मीटर), मग प्लां दे दाम हे पठार (साधारण २,०४० मीटर), मग खिंड. कुठूनही परत फिरलात तरी दिवस वाया गेला असं वाटत नाही. टीएमबीवरच्या काही खिंडी, उदाहरणार्थ फनेत्र दार्पेत किंवा कोल दे फूर, २,६६५ मीटरवर आहेत आणि तिथला जूनचा बर्फ पहिल्या अनुभवासाठी नाही, स्पष्टच सांगते.

एक सापळा इथेच सांगून टाकते. आपण जाण्याआधी फोटो आणि व्हिडिओ बघतो, ते बहुतेक जुलै-ऑगस्टचे असतात. यूटीएमबी ही मोठी रेस याच खिंडीच्या बाजूने जाते पण ती ऑगस्टच्या शेवटी. त्या व्हिडिओत लोक हाफ पँट घालून पळताना दिसतात आणि आपल्याला वाटतं की सोपी मळलेली वाट आहे. वाट मळलेली आहेच, पण जूनमध्ये ती दिसत नाही.

२. जूनमधला कुठला आठवडा

जूनच्या सुरुवातीला आणि जूनच्या शेवटी या वाटेचं रूप पार वेगळं असतं. सुरुवातीला ला बाल्मच्या थोडं वर गेलं की सलग बर्फ लागू शकतो. महिना संपत येतो तसे त्याचे तुकडे तुकडे होतात, मधे दगड आणि गवत दिसायला लागतं. पण ही दरी उत्तरेकडे तोंड करून आहे, चढताना आपण दक्षिणेकडे चालत असतो, त्यामुळे वरच्या उतारांना ऊन कमी मिळतं आणि बर्फ रेंगाळतो. काही वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यातही खिंडीजवळ बर्फ सापडतो.

म्हणून तारखेवर भरवसा ठेवू नका, त्या आठवड्याची परिस्थिती विचारा. ले कॉन्तामीनच्या टुरिस्ट ऑफिसमध्ये विचारता येतं, जवळच्या शामोनी गावात ला शामोनियार्द नावाची संस्था आहे जी डोंगरातल्या परिस्थितीची माहिती देते, आणि वरच्या रेफ्यूजला (म्हणजे डोंगरातली राहायची-जेवायची झोपडी) सरळ फोन करता येतो. विचारताना "वाट उघडी आहे का" असं विचारू नका. आम्ही जिथे उतरलो होतो तिथे मी हेच विचारलं आणि उत्तर आलं हो, उघडी आहे. त्या माणसाने खोटं सांगितलं नाही, वाट कोणी बंद करतच नाही. विचारायचं ते असं: बर्फ किती मीटरपासून सुरू होतो, सलग आहे की तुकड्यांत, काल-परवा कोणी खिंडीपर्यंत गेलं का, पायांचे ठसे पडलेत का, बुटांना लावायचे काटे लागतील का. या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की चित्र स्पष्ट होतं.

३. कागदपत्रं आणि पैसे

ही यादी छोटीच आहे.

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा, दोन्हीच्या फोटोकॉपी किंवा मोबाइलमध्ये फोटो. हा तुकडा पूर्ण फ्रान्समध्येच आहे पण ओळखपत्र जवळ असावं.
- इन्शुरन्सचा कागद, त्यावरचा इमर्जन्सी नंबर वेगळा लिहून घेतलेला.
- थोडे रोख युरो. रेफ्यूजमध्ये कार्ड चालेलच असं नाही, नेटवर्क गेलं की मशीनही गेलं.
- राहायच्या जागेचा पत्ता आणि फोन, कागदावर.

इन्शुरन्सबद्दल थोडं जास्त लिहिते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा मेडिकल कव्हर घ्यावाच लागतो, त्यामुळे तुमच्याकडे पॉलिसी असतेच आणि आपण निर्धास्त होतो. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये ट्रेकिंग ठराविक उंचीच्या वर कव्हर नसतं, किंवा काटे-आइस ॲक्स (बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड) वापरलं की ते माउंटेनिअरिंग धरतात आणि वगळतात. त्या बारीक अक्षरातलं पान घरी असतानाच वाचा. फ्रान्समध्ये डोंगरातल्या सरकारी रेस्क्यूचे पैसे सहसा घेत नाहीत, पण नंतरचं हॉस्पिटल आहे, आणि तुम्ही पुढे कधी स्वित्झर्लंडच्या बाजूचा तुकडा केलात तर तिथे हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

४. सॅकमध्ये काय

बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि सोल जरा कडक असलेले हवेत. हे आपल्याकडच्या ट्रेकर्सना मुद्दाम सांगते, सह्याद्रीत आपण मऊ सोलच्या, कातळाला चिकटणाऱ्या बुटांवर जगतो आणि ते तिथे बरोबरच आहे. घट्ट बर्फात मात्र बुटाच्या कडेने खाच मारावी लागते आणि मऊ बूट तिथे वाकतो. ट्रेल रनिंगचे शूज तर नकोतच, तासाभरात मोजे भिजतात आणि मग बोटं बधिर.

मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर रबराने ताणून बसवायचे साखळीवाले काटे, हे घ्याच. ले कॉन्तामीन, शामोनी या भागात सामान भाड्याने मिळतं. पण त्यांची मर्यादा समजून घ्या. ते सपाट ते मध्यम उतारावरच्या कडक बर्फासाठी आहेत. उतार तिरका आणि कडक असेल तर मायक्रोस्पाइक्स बुटावरून सरकतात, तिथे खरे क्रॅम्पॉन (बुटाला घट्ट बसणारे लांब, टोकदार काटे) आणि आइस ॲक्स लागते, आणि तीही वापरता येत असेल तरच. न शिकता आणलेली आइस ॲक्स म्हणजे घसरताना सोबत येणारं एक टोकदार लोखंड. ती वापरायची वेळ येईल असं दिसत असेल तर तो दिवस गाइड घेऊन करा किंवा पुढे जाऊ नका.

ट्रेकिंग पोल दोन, आणि त्यांना खाली ती रुंद प्लास्टिकची चकती लावलेली हवी नाहीतर पोल बर्फात मुठीपर्यंत जातो. गेटर्स, म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायची आवरणं. वॉटरप्रूफ जॅकेट, एक फ्लीस, पातळ हातमोजे, कानटोपी, जूनमध्येही. जास्तीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. हेडटॉर्च. पाणी किमान दीड-दोन लिटर, गावातून भरून घ्या कारण वर ओढे भरपूर असले तरी कुरणात गुरं चरतात. खाणं असं घ्या जे थंडीत दगड होत नाही.

गॉगल आणि सनस्क्रीन लोक शेवटी टाकतात, मी आधी टाकते. उंचीवर दर १,००० मीटरला अल्ट्राव्हायोलेट साधारण दहा टक्क्यांनी वाढतं आणि ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकू शकतो, जुना मळका बर्फ कमी, पण फेकतोच. म्हणजे ऊन खालूनही लागतं. पहिल्या वेळी मी कपाळ, गाल सगळीकडे लावलं होतं आणि संध्याकाळी जळालेलं होतं ते नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीच्या खालच्या बाजूला, जिथे कधी कोणी लावत नाही. गॉगल कॅटेगरी ३ किंवा ४ चा, बाजूने बंद असेल तर उत्तम. डोळे भाजले तर ते लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि मग डोळे उघडवत नाहीत.

नकाशा: आयजीएन या फ्रान्सच्या नकाशा संस्थेचा १:२५,००० चा ३५३१ ईटी, सॅं-जेर्वेचा. मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशाही घ्या पण त्याबद्दल पुढे एक इशारा आहे.

५. आदल्या संध्याकाळी हवामान असं वाचा

पाऊस आहे की नाही एवढंच बघू नका. फ्रेंच हवामान अंदाजात इझोथर्म झिरो म्हणून एक आकडा देतात, म्हणजे हवेचं तापमान शून्य किती उंचीवर होतं तो. सोबत बघा की रात्री आकाश मोकळं आहे की ढगाळ.

आकाश मोकळं असेल तर बर्फ रात्री आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी त्याचा वरचा थर गोठतो. सकाळी तो सिमेंटसारखा असतो, माणूस वरून चालत जातो. रात्र ढगाळ असेल तर ढग गोधडीसारखे वर बसतात, बर्फ गोठतच नाही आणि सकाळी सहालाही तो खिचडीसारखा मऊ असतो. इझोथर्म ४,००० मीटरच्या आसपास आणि रात्र ढगाळ असं दिसलं तर मी खिंडीचा बेत रद्द करून ला बाल्मपर्यंतच जाईन, कारण अशा वेळी तिरक्या उतारावरून ओला बर्फ घसरून खाली येण्याचीही शक्यता वाढते.

दुसरं बघायचं ते दुपारचं वादळ. जूनमध्ये आल्प्समध्ये सकाळ निळीशार आणि तीन-चार वाजता गडगडाट हे नेहमीचं आहे. खिंडीत विजेच्या वेळी उभं राहायचं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात, लवकर निघा आणि लवकर खाली या.

६. पोचायचं कसं, निघायचं कधी

रेल्वे सॅं-जेर्वे-ले-बें-ले फाये स्टेशनपर्यंत येते, तिथून ले कॉन्तामीनला बस. पण साडेपाचला चालायला लागायचं तर सकाळची कुठलीही बस उपयोगाची नाही, आदल्या रात्री ले कॉन्तामीनमध्येच राहा. गाडी असेल तर नोत्र-दाम द ला गॉर्जपर्यंत नेऊन पार्क करता येते. नसेल तर गावातून चर्चपर्यंत नदीकाठाने जवळजवळ सपाट वाट आहे, पाऊण-एक तास धरा.

जूनच्या मध्यात इथे पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं आणि साडेनऊपर्यंत उजेड असतो. हा लांबलचक उजेडच लोकांना फसवतो. आम्हीही असाच हिशोब केला होता की रात्री नऊपर्यंत दिसतंय, मग घाई कशाला, निवांत नाश्ता करून निघू. उजेड नऊपर्यंत असतो पण बर्फ अकरापर्यंतच चांगला असतो.

परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि सोबतच्यांना मोठ्याने सांगा. माझी वेळ साडेदहा आहे. साडेदहाला जिथे असेन तिथून मागे, खिंड समोर दिसत असली तरी.

७. चर्च ते ला बाल्म

चर्चच्या मागून चढ लगेच सुरू होतो, जंगलातून मोठमोठ्या फरशा घातलेली जुनी वाट, हिला रोमन रस्ता म्हणतात, आणि थोड्या वेळाने एक दगडी पूल. ओल्या फरशा निसरड्या असतात. खुणा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या. पाट्यांवर अंतराऐवजी बहुतेक वेळा लागणारा वेळ लिहिलेला असतो, ती वेळ कोरड्या वाटेची आहे हे लक्षात ठेवा.

नां बोरांनंतर दरी उघडते, कुरणं, शेडं, खाली ओढा. मेंढ्यांचा कळप आणि त्यासोबत मोठे पांढरे कुत्रे दिसले (यांना पातू म्हणतात, राखणदार असतात) तर पळू नका, पोल उगारू नका, थांबा, हळू आवाजात बोला आणि लांबून वळसा घाला. ला बाल्मला पोचलात की थांबून खाऊन घ्या, गेटर्स चढवा, सनस्क्रीन परत लावा. वर थंडीत हे करायचा कंटाळा येतो.

८. पहिला बर्फ

ला बाल्मच्या वर वाट उभी होते, विजेच्या मोठ्या टॉवरची लाइन सोबत वर जाते. बर्फ सुरू होतो तिथे काठावर बघा, जांभळी झालरीसारखी फुलं असतात, सोल्दानेल, काही तर बर्फाच्या पातळ कडेला भोक पाडून वर आलेली. तिथेच आपल्याला हवी ती माहितीही असते, कारण तो काठ दाखवतो की बर्फ खालून वितळतोय आणि खाली पोकळी आहे.

चालायच्या काही गोष्टी:

चढताना पाऊल नुसतं ठेवू नका, बुटाच्या टोकाने दोन-तीनदा ठोकून खाच करा आणि मग वजन टाका. आधीच्या माणसाच्या खाचा असतील तर त्याच वापरा. पावलं छोटी. आडवं जाताना डोंगराकडची बुटाची कड बर्फात घुसवा.

मोठ्या दगडाच्या अगदी जवळून जाऊ नका. काळा दगड उन्हात तापतो, त्याच्याभोवतीचा बर्फ आतून वितळतो आणि वरून फक्त पापुद्रा राहतो. माझा गुडघा इथेच सोलला. प्लां दे दामच्या थोडं खाली, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, आधारासाठी दगड बरा म्हणून मी त्याला हात लावायला गेले आणि उजवा पाय मांडीपर्यंत आत. पडण्यापेक्षा वाईट म्हणजे बूट खाली दोन दगडांच्या मधे अडकला. ओढलं की घोटा पिरगळत होता. मैत्रिणीने पोल आणि हातांनी बर्फ उकरला, वीसेक मिनिटं लागली, आणि ती सगळी वीस मिनिटं मला पायाखालून वाहतं पाणी ऐकू येत होतं. असं झालं तर ओढाताण करू नका, आधी सॅक काढा, बाजूचा बर्फ उकरून जागा करा, बूट हलायला लागला की मग पाय वर घ्या. आणि एकटं जाऊ नका. ती नसती तर मी किती वेळ तिथे असते याचा विचार मला अजूनही नकोसा होतो.

ओढ्यावरचा बर्फाचा पूल ही तिसरी गोष्ट. पाण्याचा आवाज येतोय, मधे बर्फ खाली वाकलाय, रंग करडा-निळसर झालाय, तर त्यावर पाय नको. वर किंवा खाली जाऊन जाड जागा शोधा किंवा ओढा उघडा आहे तिथून दगडांवरून पार करा. पार करताना एकेकाने. सकाळी जो पूल चालला तो दुपारी चालेलच असं नाही, परतीला नव्याने तपासा.

आणि मोबाइलच्या नकाशाबद्दलचा तो इशारा. नकाशावरची रेघ ही उन्हाळी वाटेची आहे. बर्फाखाली ती वाट एखाद्या तिरक्या उतारावरून आडवी जात असेल तर रेघेवर तंतोतंत राहण्यात धोका आहे, दहा-वीस मीटर बाजूला उतार सौम्य असतो आणि शहाणी माणसं तिकडून गेलेली असतात. तसंच उलटं, ठसे दिसले म्हणून डोळे मिटून मागे जाऊ नका, ते स्कीवाल्यांचे किंवा वाट चुकलेल्याचेही असू शकतात. नकाशा, ठसे आणि समोरचा उतार, तिन्ही बघून ठरवा.

प्लां दे दामला दगडांची एक मोठी रास आहे. सांगतात की वादळात सापडून इथे दोन बायका दगावल्या, आणि येणारे-जाणारे तेव्हापासून तिथे दगड ठेवत आलेत. बर्फातून त्या राशीचा माथा तेवढा वर आलेला असतो. इथे थांबा आणि घड्याळ बघा.

९. खिंड, आणि खिंडीच्या पुढचा मोह

प्लां दे दाम ते खिंड हा शेवटचा चढ. प्रत्येक तिरक्या तुकड्यावर पाय टाकण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, इथे घसरले तर कुठे जाऊन थांबेन? खाली सपाट बर्फ किंवा गवत असेल तर कपडे ओले होतील एवढंच. खाली दगड, ओढा किंवा कडा असेल तर तो तुकडा तुमच्यासाठी नाही, वळसा मिळतो का बघा, नसेल तर परत.

खिंडीत एक लाकडी आडोसा आहे, वाऱ्यात त्याचा आधार वाटतो. कडेच्या अगदी टोकाशी जाऊ नका, वाऱ्याने बर्फाची कड बाहेर लोंबत असू शकते.

आता मोह. खिंडीतून वाट डावीकडे वळून कोल द ला क्र्वा द्यु बोनोमकडे (साधारण २,४८० मीटर) जाते, त्याच्या थोडं खाली रेफ्यूज आहे, आणि पाटीवर तासाभराच्या आतली वेळ लिहिलेली. वाटतं, एवढे आलोच आहोत तर. पण ही मधली वाट आडवी जाते, दगडांतून आणि ओढ्यांतून, आणि जूनमध्ये तिच्यावर तिरके बर्फाचे पट्टे उशिरापर्यंत राहतात. फार सकाळी ते काचेसारखे कडक, दुपारी भुसभुशीत. चांगली वेळ मधली, जेव्हा वरचे दोन-तीन सेंटिमीटर नरम झालेले असतात आणि खालचा थर घट्ट असतो. दुसऱ्या वेळी आम्ही पावणेदहाला खिंडीत होतो, समोर एक जोडी क्रॅम्पॉन लावून तो पट्टा पार करताना दिसली, आमच्याकडे फक्त मायक्रोस्पाइक्स होते, आणि पट्ट्याच्या खाली दगड होते. आम्ही आडोशाला बसून खाल्लं आणि परत फिरलो. तुमच्याकडेही तेवढंच सामान असेल तर खिंड हाच शेवट धरा.

१०. उतरताना

उतरताना लोक मागे रेलतात आणि म्हणूनच घसरतात. शरीर सरळ, गुडघा किंचित वाकलेला, टाच जोरात बर्फात रोवायची आणि वजन त्या टाचेवर टाकायचं. बर्फ थोडा नरम झाला असेल तर हे मस्त जमतं. ढुंगणावर बसून घसरत जायची गंमत करायची असेल तर आधी काटे काढा, काटा बर्फात अडकला की घोटा मोडतो, आणि खालचा शेवट डोळ्यांना दिसत असेल अशाच जागी करा.

ला बाल्मच्या खाली काटे काढलेत की सैल होऊ नका. दमलेल्या पायांनी त्या रोमन फरशांवर उतरणं हा दिवसाचा दुसरा अवघड भाग आहे. माझी मैत्रीण सगळा बर्फ नीट पार करून तिथे घसरली.

११. काही झालंच तर

इमर्जन्सी नंबर ११२. नेटवर्क सगळीकडे मिळेल असं नाही, दरीत तुकड्या-तुकड्यांत जातं. फोन लागला तर आधी जागा सांगा (कोऑर्डिनेट्स नकाशाच्या ॲपमधून वाचून), मग काय झालं, किती माणसं, हवामान कसं आहे. फोन कापू नका, त्यांना कापू द्या. फोनची बॅटरी थंडीत पटकन उतरते, आतल्या खिशात ठेवा.

फोन नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे, म्हणजे मदत हवी. एक हात वर आणि एक खाली म्हणजे नको. त्यांच्याकडे बघून उत्साहाने हात हलवू नका, गोंधळ होतो. आणि सुटी टोपी, फॉइल, जॅकेट सगळं दाबून धरा.

निघताना राहायच्या जागी सांगून जा की कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परत येऊ, आणि परत आलात की आलो म्हणूनही सांगा, नाहीतर कोणीतरी उगाच शोधायला निघतं.

१२. खाली आल्यावर

बूट रूम हीटरला लावून वाळवू नका, सोल सुटतं. आतला सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. काटे पुसून कोरडे करून ठेवा, भाड्याचे असतील तर जास्तच. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी टुरिस्ट ऑफिसमध्ये जाऊन सांगा की बर्फ किती मीटरला लागला, कुठला पूल वाकलाय, ठसे कुठपर्यंत आहेत. दुसऱ्या वेळी आम्हाला ला बाल्मच्या वरच्या ओढ्याबद्दल तिथल्या बाईंनी नकाशावर पेनाने खूण करून दिली होती, ती माहिती आदल्या दिवशी कोणीतरी असंच सांगून गेलं होतं.